भिंतीकडे तोंड करून : जर्मन स्वयंपाकघराचा एक इतिहास

पोगनपोल, सीमॅटिक, बुल्थाउप, नोबिलिया. नवे स्वयंपाकघर घेऊ पाहणारा ग्राहक ह्या जर्मन उत्पादकांची माहितीपत्रके शेजारी ठेवतो, तेव्हा त्याची तुलना बहुधा बिजागऱ्या, खणांची खोली, ओट्याचा दगड आणि अर्थातच किंमत ह्यांच्यापाशी संपते. ही तुलना गैर नाही, पण तिच्यात एक प्रश्न सुटून जातो. ह्या मांडणीत कोण उभे राहणार आहे, आणि त्या व्यक्तीचे तोंड कोणत्या दिशेला असणार आहे? हा प्रश्न जर्मनीत जवळजवळ शंभर वर्षे वादाचा आहे, आणि आजच्या माहितीपत्रकांतील चकचकीत छायाचित्रे ही त्या वादाची उत्तरे आहेत.

वादाचा आरंभ १९२६ साली फ्रँकफुर्टमध्ये होतो. महायुद्धानंतर शहरात घरांची भीषण टंचाई होती. नगररचनाकार एर्न्स्ट माय ह्याने कामगार आणि कनिष्ठ मध्यमवर्ग ह्यांच्यासाठी नव्या वसाहती उभारायला घेतल्या आणि व्हिएन्नाहून मार्गारेटे लिहोत्स्की (विवाहानंतर श्युटे-लिहोत्स्की) ह्या तरुण वास्तुविशारद स्त्रीला बोलावून घेतले. तिने जे स्वयंपाकघर आखले ते सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते. आगगाडीच्या भोजनडब्यातील चिंचोळी मुदपाकखाना हा तिच्यासमोरचा एक नमुना, आणि ख्रिस्टीन फ्रेडरिक ह्या अमेरिकन लेखिकेने कारखान्यातील श्रममापनाची पद्धत घरकामाला लावून दाखवली होती, तो दुसरा. फ्रेडरिकचे पुस्तक १९२२ मध्ये जर्मनमध्ये आले होते. शेगडीपासून सिंकपर्यंत किती पावले, कपाटापासून टेबलापर्यंत किती सेकंद, असा हिशेब मांडून एकेक वस्तूची जागा ठरली.

तपशील पाहण्यासारखे आहेत. तांदूळ, साखर, डाळी ह्यांसाठी ॲल्युमिनियमचे छोटे खण. त्यांना मूठ आणि चोच अशी की खण बाहेर काढून सरळ पातेल्यात ओतावा. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्या लाकडातील टॅनिनमुळे पिठाला कीड लागत नाही. उंची कमीजास्त होणारे फिरते स्टूल, भिंतीला मिटून राहणारी इस्त्रीची फळी. लाकूडकामाचा रंग निळसर, कारण त्या रंगावर माशा बसत नाहीत असा तेव्हाचा समज. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली आणि त्यांचा खर्च घरभाड्यात मिळवला गेला. स्वयंपाकघर ही विकत घ्यायची फर्निचरची जोडी न राहता घराच्या भिंतींसारखी घराबरोबरच येणारी गोष्ट झाली.

लिहोत्स्कीचा हेतू स्वच्छ होता. घरकामातून वाचलेला वेळ स्त्रीचा व्हावा. ती नोकरी करील, वाचील, विश्रांती घेईल. ती पुढे कम्युनिस्ट झाली, नाझींविरुद्धच्या प्रतिकारात उतरली, १९४१ मध्ये पकडली गेली आणि १९४५ पर्यंत तुरुंगात होती. हे स्वयंपाकघर आखण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाक केलेला नव्हता, हे तिने उतारवयात मोकळेपणाने सांगितले आहे. ह्या कबुलीला हसण्याचे मला कारण दिसत नाही. जे काम आपल्या अंगवळणी पडलेले नाही त्यातील निरर्थक पावले कदाचित अधिक स्पष्ट दिसतात. मात्र काही दिसायचे राहिलेही. त्या खोलीत दोन माणसे धडपणे उभी राहू शकत नव्हती. पावले वाचली, पण ती वाचवणारी एकटीच उरली. मुले, पती, शेजारीण, सारे दाराबाहेर. १९२८ च्या म्युनिक स्वयंपाकघरात कामाची जागा आणि बैठकीची खोली ह्यांमध्ये काच घातली गेली, ती आईला मुले दिसावीत म्हणून. टीका इतक्या लवकर सुरू झाली होती! सत्तरच्या दशकानंतर स्त्रीवाद्यांनी ती अधिक धारदार केली.

उत्पादकांचा इतिहास ह्याला समांतर चालतो. फ्रीडेमीर पोगनपोल हा सुतार. त्याची कार्यशाळा १८९२ ची. कंपनीने १९२८ मध्ये आपले 'सुधारित' स्वयंपाकघर आणले आणि १९५० मध्ये 'फॉर्म १०००' ही एकमेकांना जोडता येणाऱ्या कपाटांची मालिका. नगरपालिकेचा विचार असा बाजारात आला. भाड्यात मिळणारी वस्तू प्रतिष्ठेची झाली. सीमॅटिकने १९६० मध्ये '६००६' मालिकेत कपाटांच्या मुठीच नाहीशा केल्या. रूप अधिक गुळगुळीत झाले, पण काम करणारीचे तोंड भिंतीकडेच.

दिशा बदलायचा आग्रह धरला ओटल आयखरने. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकची चिन्हे रेखाटणारा हा संकल्पक. बुल्थाउपसाठी त्याने प्रत्यक्ष स्वयंपाक्यांचे काम पाहिले आणि १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'शिजवण्यासाठीचे स्वयंपाकघर', आणि उपशीर्षकाचा 'वास्तुकलेतील एका सिद्धान्ताचा अंत'. कामाचे टेबल खोलीच्या मधोमध आणा, भोवती माणसे उभी राहू देत, हे त्याचे म्हणणे. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या सदनिकांतील ओटाही भिंतीलाच चिकटलेला असतो, म्हणून हे वाचताना मी जरा थबकलो. चुलीपुढे बसणारी आजी निदान घराकडे वळू शकत होती.

बुल्थाउपने १९८८ मध्ये स्वतंत्र उभे राहणारे पोलादी काम-टेबल काढले. तुलना करणाऱ्याने ही वंशावळ लक्षात घ्यावी. नोबिलियाचे बळ प्रचंड उत्पादनात आणि परवडणाऱ्या किमतीत आहे, आणि त्या अर्थी फ्रँकफुर्टच्या स्वस्त प्रमाणीकरणाचा वारसा तिच्याकडे अधिक आहे, हे मला महागड्या नावांपेक्षा महत्त्वाचे वाटते. केवळ नावावर विसंबू नये, हेही खरे : आल्नो ही जुनी कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि २०२० मध्ये पोगनपोललाही दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. म्हणून विक्रेत्याकडे गेल्यावर बिजागरीआधी आराखडा मागावा, आणि त्यावर दोन माणसे उभी करून पाहावीत : एक भाजी चिरणारे, दुसरे भांडी विसळणारे. त्यांची पाठ एकमेकांकडे आहे का, आणि दोघांपैकी कोणाला दार दिसते?