नारबाची वाडी आणि आमचा सातबारा

वाटणी झाल्यावर म्हाताऱ्या माणसाचे काय होते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आमच्या पूर्णा-पालम भागात आई-बापाची पाळी लागते. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. महिना तीस दिवसांचा धरायचा की एकतीस, यावरून झालेली कुरबुरही मी कानांनी ऐकली आहे. वाटणीच्या वेळी ज्याने दोन-तीन एकर स्वतःच्या नावावर राखले, त्याची पाळी बरी जाते. ज्याने सगळे लिहून दिले, त्याला चहासुद्धा मागून घ्यावा लागतो.

या पाळीची गाठ मला पुढे भलत्याच ठिकाणी पडली. १६०६ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या राजापुढे प्रयोग झालेल्या शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये म्हातारा राजा राज्य मुलींना वाटून देतो आणि म्हणतो, शंभर स्वारांसह मी महिना हिच्याकडे, महिना तिच्याकडे राहीन. म्हणजे आमचीच पाळी! अट मात्र तोंडी होती. ती किती दिवस टिकली, हे नाटक वाचलेल्यांना ठाऊक आहे.

लिअरची छाया घेऊन वि. वा. शिरवाडकरांनी ‘नटसम्राट’ लिहिले. २३ डिसेंबर १९७० रोजी धी गोवा हिंदू असोसिएशनने ते रंगभूमीवर आणले. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, आप्पा बेलवलकर झाले डॉ. श्रीराम लागू. मराठीत म्हातारपणाचे नाटक म्हटले की आजही हेच नाव पुढे येते. पण आप्पा शहरातला, निवृत्त नट, आणि देऊन मोकळा झालेला. देतो तोही पोटच्या पोरांना, कसलीही अट न घालता. मला ते नाटक थोर वाटते, तरी खेड्यातल्या म्हातारपणाचा हिशेब त्यात सापडत नाही. तो हिशेब मला सापडला ‘नारबाची वाडी’त.

हा चित्रपट सप्टेंबर २०१३ मध्ये आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, नारोबाच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर. कोकणातल्या एका म्हाताऱ्याचा जीव त्याच्या नारळाच्या वाडीत गुंतलेला आहे. गावच्या रंगराव खोताला ती वाडी हवी असते; ती हाव पोटात ठेवूनच तो मरतो. मग त्याचा मुलगा मल्हारराव करार करतो. नारोबा जिवंत असेतो दरमहा पैसे द्यायचे आणि तो मेला की वाडी खोताची. म्हातारा आज आहे, उद्या नाही, असा खोताचा अंदाज. पण पोटाला वेळेवर मिळू लागल्यावर नारोबा मरायचे नावच घेत नाही. इकडे खोत खंगत जातो. बाप-लेक दोन्ही खोत मनोज जोशी यांनीच रंगवले आहेत.

ही गोष्ट मुळात कोकणातली नाही, बंगालमधली आहे. मनोज मित्र यांनी १९७७ मध्ये ‘साजानो बागान’ हे नाटक लिहिले आणि १९८० मध्ये तपन सिन्हांनी त्यावर ‘बांछारामेर बागान’ हा चित्रपट केला. तिथेही जमीनदार बाप-लेक एकाच नटाने, दीपंकर दे यांनी केले होते. म्हातारा बांछाराम खुद्द नाटककार मित्र झाले. त्यांचा जन्म १९३८ चा, म्हणजे तेव्हा ते जेमतेम एक्केचाळीस वर्षांचे होते. लागू आप्पा झाले तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे. आपल्याकडे म्हातारपण बहुधा असे उसने घेतलेले असते. भुवया पांढऱ्या, आवाजाला कंप, कमरेला बाक. त्यात कमीपणा आहे असे मला म्हणायचे नाही. मित्रांचा बांछाराम ज्यांनी पाहिला ते असे म्हणणारही नाहीत.

पण प्रभावळकरांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनीही म्हातारपण तरुणपणापासूनच उसने घेतले. ‘हसवा फसवी’तले कृष्णराव हेरंबकर, पुढे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा. नारोबा करताना मात्र ते स्वतः एकोणसत्तर वर्षांचे होते. त्यामुळे त्यांना म्हातारपण दाखवावे लागत नाही आणि सगळी ताकद ते नारोबाच्या बेरकीपणावर लावू शकतात. मरणाचा विषय निघाला की त्यांच्या डोळ्यांत भीती दिसते आणि तिच्या मागेच व्यवहारही दिसतो. आमच्या मोंढ्यात कापूस घेऊन आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांत हे दोन्ही मी एकत्र पाहिलेले आहे. (२०२५ च्या ‘दशावतार’मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी थकलेला दशावतारी बाबुली मेस्त्री केला, तोही कोकणातलाच. मराठवाड्यातला म्हातारा त्यांनी कधी करावा, एवढीच माझी तक्रार.)

नारोबाचा करार गंमत म्हणून रचलेला वाटतो, पण फ्रान्समध्ये असा करार कायदेशीर आणि चांगला रुळलेला आहे. १९६५ मध्ये आर्ल गावात एका वकिलाने नव्वद वर्षांच्या जान काल्माँ या बाईंचे घर याच अटीवर घेतले. दरमहा अडीच हजार फ्रँक, बाई असेपर्यंत. तीस वर्षे पैसे भरून १९९५ मध्ये वकीलसाहेबच वारले. बाई १९९७ मध्ये गेल्या, वयाच्या १२२ व्या वर्षी.

आता माझा मुद्दा. नारोबा तरतो कारण त्याच्यासमोर खोत आहे. परक्यापुढे अट घालता येते. आपल्या पोरापुढे ती घालायची म्हणजे ‘बापाचा विश्वास नाही’ हा ठपका, आणि आमच्याकडे तो उपासमारीपेक्षा जड वाटतो.

खोती १९४९ च्या कायद्याने गेली. आमच्या निजामी मुलखातल्या जहागिऱ्याही त्याच वर्षी गेल्या आणि १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा आला. कसणाऱ्याचे नाव कागदावर लागले. माझ्या आजोबांच्या पिढीला कागदाची किंमत तेव्हा कळली. त्याच पिढीने पुढे म्हातारपणी पोरांच्या नावे कागद करून दिले, तेही एका ओळीची अट न टाकता. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यातले कलम २३ म्हणते की, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते देणे रद्द ठरवता येते. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. कायदा चांगला आहे. पण त्याचा सगळा जोर ‘अटीवर’ या एका शब्दावर आहे, आणि नेमका तोच शब्द आमच्या बक्षीसपत्रांत लिहायचा राहून जातो. लिहिणारा विचारतो, ‘आबा, अट टाकायची का?’ शेजारी पोरगा उभा असतो. आबा मान हलवतात, नको.

माझ्या एका चुलत आजोबांनी तसे केले नाही. चार पोरांना वाटून दिल्यावर विहिरीजवळचे तीन एकर त्यांनी नावावर ठेवले. गाव त्यांना चिकट म्हणायचे. सुना मात्र ताट गरम वाढायच्या आणि पाळीचा महिना संपला तरी कोणी दिवस मोजत नसे. नव्वदी ओलांडून ते गेले. वारसाच्या फेरफाराचा अर्ज तलाठ्याकडे गेला, तेव्हा तेरावा व्हायचा होता.