दानपत्र की देणे?

अमेरिकन स्वातंत्र्याच्या इतिहासात वॉशिंग्टन, जेफर्सन पदोपदी भेटतात. त्यांचा समकालीन, व्हर्जिनियाचा रॉबर्ट कार्टर (१७२८–१८०४) क्वचितच भेटतो. त्याचा आजा ‘किंग’ कार्टर हा विधिमंडळाचा सभापती आणि सुमारे ३,००,००० एकरांचा धनी. नातू १७५८ साली गव्हर्नरच्या कौन्सिलात, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, बसला. नॉमिनी हॉलचा वाडा, पत्नी फ्रान्सिस, सतरा अपत्ये, तंबाखूचे मळे आणि शेकडो गुलाम, असा त्याचा संसार.

१७७६ च्या जाहीरनाम्याने मानवी समतेचा उद्घोष केला. पण तो लिहिणाऱ्या जेफर्सनने आपल्या सहाशेहून अधिक गुलामांपैकी मोजकेच मुक्त केले. कार्टरने मात्र १७९१ साली न्यायालयात ‘दानपत्र’ दाखल करून साडेचारशेहून अधिक माणसांना टप्प्याटप्प्याने मुक्त करण्याची तजवीज केली. शेजारचे जमीनदार संतापले, घरातूनही विरोध झाला. १७९३ साली तो बाल्टिमोरला निघून गेला.

आमचे आयुष्य कामगारांचे हजेरीपट चाळण्यात गेले. या कागदातही नावे आहेत, वये आहेत. पिढ्यानपिढ्यांच्या थकलेल्या मजुरीचा आकडा मात्र नाही. म्हणून आम्ही त्याला दान म्हणत नाही. तो घराण्याच्या कर्जाचा पहिला हप्ता होता. परंतु इतरांनी ते कर्ज मान्यही केले नाही, तेव्हा कार्टरने घरच्यांचा रोष पत्करून हप्ता भरला, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.