यूरोपीय क्लब फुटबॉलमधील विजेतेपदांची गणना

यूरोपातील फुटबॉल क्लबांनी जिंकलेल्या स्पर्धांची अधिकृत नोंद ठेवताना विजेता कोणास मानावयाचे, यासंबंधीचे संकेत, निर्णय व वाद. पंचाची अखेरची शिट्टी वाजली व चषक हाती आला, की विजेता ठरला, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात मैदानावरील निकाल एक आणि नोंदवहीतील निकाल दुसरा, अशी उदाहरणे यूरोपीय फुटबॉलच्या इतिहासात बरीच आढळतात. स्पर्धा कोणत्या संस्थेने भरविली, त्या संस्थेस पुढे कोणाची मान्यता मिळाली आणि निकालानंतर कोणत्या समितीने वा न्यायालयाने काय ठरविले, यांवर विजेतेपदाची गणना अवलंबून असते.

यूरोपीय फुटबॉल संघटनांचा महासंघ (यूएफा) १५ जून १९५४ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे स्थापन झाला. तत्पूर्वीही देशोदेशींच्या क्लबांमध्ये स्पर्धा होत असत. मध्य यूरोपातील मिट्रोपा चषक स्पर्धा १९२७ मध्ये सुरू झाली व प्राग येथील स्पार्टा हा क्लब तिचा पहिला विजेता ठरला. फ्रान्स, इटली, स्पेन व पोर्तुगाल या देशांतील क्लबांसाठी १९४९ पासून १९५७ पर्यंत लॅटिन चषक स्पर्धा भरत असे. आपापल्या काळी दोन्ही स्पर्धा प्रतिष्ठेच्या होत्या. तथापि यूएफाच्या नोंदींत त्यांना स्थान नाही. १९३२ च्या मिट्रोपा स्पर्धेत तर अंतिम सामनाच झाला नाही. तूरिनचा युव्हेंटस व प्रागचा स्लाव्हिया यांच्यातील उपांत्य फेरीत प्रेक्षकांतून आलेला दगड स्लाव्हियाचा गोलरक्षक फ्रांतिशेक प्लानिचका याला लागला व त्याच्या संघाने मैदान सोडले. संयोजकांनी दोन्ही क्लबांना बाद केले आणि दुसऱ्या उपांत्य फेरीत जिंकलेल्या बोलोन्यास विजेता घोषित केले.

यूरोपीय चषक स्पर्धेची कल्पनाही मूळची यूएफाची नव्हे. लेकिप या फ्रेंच क्रीडा दैनिकाने, विशेषतः त्यातील पत्रकार गाब्रिएल आनो यांनी, ती मांडली व १९५५ मध्ये यूएफाने स्पर्धा आपल्या छत्राखाली घेतली. पहिल्या वर्षीचे क्लब बव्हंशी निमंत्रणाने आले होते. स्कॉटलंडचा विजेता ॲबर्डीन असताना हायबर्नियन खेळला. इंग्लंडचा विजेता चेल्सी याने तेथील लीगच्या दडपणामुळे माघार घेतली. तेव्हा ‘विजेत्यांची स्पर्धा’ हे वर्णन त्या वर्षापुरते पूर्णपणे खरे नव्हते. तरीही यूएफाची मान्यता असल्याने १९५६ मधील रेआल माद्रिदचा विजय निर्विवाद गणला जातो. १९९२ मध्ये स्पर्धेला चँपियन्स लीग हे नाव मिळाले, पण मोजणी अखंड राहिली. म्हणूनच रेआल माद्रिदचे २०२४ मधील विजेतेपद पंधरावे ठरते.

या संदर्भात सर्वांत बोधप्रद उदाहरण इंटर-सिटीज फेअर्स कप या स्पर्धेचे आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारी मेळे भरविणाऱ्या शहरांच्या संघांसाठी स्वित्झर्लंडचे एर्न्स्ट थोमेन, इटलीचे ओत्तोरीनो बारास्सी व इंग्लंडचे स्टॅन्ली राउस यांनी ती १९५५ मध्ये सुरू केली. हे तिघेही फुटबॉलच्या कारभारातील वजनदार पदाधिकारी होते व राउस पुढे १९६१ मध्ये जागतिक महासंघाचे (फिफाचे) अध्यक्ष झाले. परंतु स्पर्धेची समिती यूएफाहून स्वतंत्र होती. सामने मेळ्यांच्या तारखांशी जुळवून घ्यावयाचे असल्याने पहिलीच स्पर्धा तीन वर्षे रेंगाळली. १९५८ च्या अंतिम फेरीत बार्सेलोनासमोर होता तो लंडन शहराचा, अनेक क्लबांतून निवडलेला संघ. लंडनमध्ये २–२ अशी बरोबरी झाली, तर बार्सेलोनात यजमानांनी ६–० असा विजय मिळविला. बार्सेलोनाच्या संघात त्याच नावाच्या क्लबाचे खेळाडू असल्याने त्या क्लबाने हे यश आपलेच मानले. लंडनचा पराभव मात्र कोणत्याच क्लबाच्या खाती पडत नाही.

पुढे शहरांचे संघ मागे पडून क्लबच खेळू लागले व मेळ्यांशी असलेला संबंध नाममात्र उरला. बार्सेलोनाने १९५८, १९६० व १९६६ या वर्षी, व्हालेन्सियाने १९६२ व १९६३ मध्ये, लीड्स युनायटेडने १९६८ व १९७१ मध्ये हा चषक जिंकला. १९७१ चा निकाल तर लक्षणीय आहे. युव्हेंटसविरुद्धच्या अंतिम फेरीत तूरिनमधील पहिला सामना पावसामुळे अर्धवट सोडावा लागला. तो पुन्हा खेळविला तेव्हा २–२ व लीड्समध्ये १–१ अशी बरोबरी झाली. एकही सामना न जिंकता, परक्या मैदानावरील अधिक गोलांच्या नियमावर लीड्सला चषक मिळाला. हा नियम यूएफाने आपल्या स्पर्धांतून २०२१ मध्ये काढून टाकला. अर्थात जुने निकाल त्यामुळे बदलले नाहीत.

१९७१ मध्येच यूएफाने ही स्पर्धा बंद करून तिच्या जागी यूएफा चषक सुरू केला. जुना चषक कायमचा कोणाकडे ठेवावा, हे ठरविण्यासाठी पहिला विजेता बार्सेलोना व अखेरचा विजेता लीड्स यांच्यात २२ सप्टेंबर १९७१ रोजी सामना झाला. बार्सेलोनाने तो २–१ असा जिंकला आणि चषक आपल्याकडे ठेवला. त्या चषकामागची विजेतेपदे मात्र यूएफाच्या हिशेबात येत नाहीत. फेअर्स कप ही यूएफा चषकाची पूर्वगामी स्पर्धा होय, हे यूएफा मान्य करते. परंतु ती आपल्या अधिकाराखाली भरली नसल्याने तीतील कामगिरी क्लबांच्या यूरोपीय नोंदीत धरली जात नाही, अशी तिची भूमिका आहे. फिफा मात्र या विजेतेपदांना महत्त्वाचे मानते.

या भूमिकेचा फटका मोठ्या क्लबांना फारसा बसत नाही. बार्सेलोनाच्या यादीतून तीन विजय वगळले तरी त्याच्याकडे इतर पुष्कळ उरतात. बूडापेस्टच्या फेरेंत्सव्हारोशचे तसे नाही. १९६५ मध्ये या क्लबाने युव्हेंटसला त्याच्याच शहरात, तूरिनमध्ये, माते फेन्यव्हेशीच्या गोलाने १–० असे हरविले. यूएफाच्या प्रमुख स्पर्धांपैकी एकही हंगेरियन क्लबाला आजवर जिंकता आलेली नाही. त्यामुळे फेअर्स कप वगळला, की ज्या देशाच्या संघाने १९५० च्या दशकात जगाला फुटबॉल शिकविला, त्याच्या क्लबांची पाटी कोरी राहते. १९६७ मध्ये लीड्सला नमविणाऱ्या झाग्रेबच्या दिनामोची व पर्यायाने क्रोएशियाची स्थिती हीच आहे.

यूएफाची भूमिका तत्त्वतः समजण्यासारखी असली, तरी ती सर्वत्र सारखी लावलेली दिसत नाही. कप विनर्स कप या स्पर्धेची पहिली आवृत्ती (१९६०–६१) मिट्रोपा चषकाच्या समितीने भरविली होती. तीत फ्लॉरेन्सच्या फिओरेंतीनाने ग्लासगोच्या रेंजर्सला दोन सामन्यांत मिळून ४–१ असे हरविले. पुढे स्पर्धा यूएफाकडे आली व इटालियन संघटनेच्या विनंतीवरून १९६३ मध्ये तो विजय पूर्वलक्षी प्रभावाने अधिकृत ठरविण्यात आला. म्हणजे परक्या समितीने भरविलेली स्पर्धाही इच्छा असल्यास अधिकृत ठरू शकते. फिओरेंतीनाला जे मिळाले ते फेरेंत्सव्हारोशला का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर या नियमात सापडत नाही. याउलट सुपर चषकाबाबत घडले. द टेलेग्राफ या डच दैनिकाचे पत्रकार अँटन विटकांप यांच्या कल्पनेतून आयाक्स व रेंजर्स यांच्यात जानेवारी १९७३ मध्ये (१९७२ च्या चषकासाठी) सामने झाले व आयाक्स विजयी झाला. परंतु प्रेक्षकांच्या दंगलीमुळे रेंजर्सवर त्या वेळी बंदी असल्याने यूएफाने स्पर्धेला मान्यता दिली नाही व अधिकृत मोजणी १९७३ च्या चषकापासून सुरू होते.

मैदानावरील विजय पुढे शिक्षेमुळे काढून घेतला जाणे, हा निराळा प्रकार होय. २६ मे १९९३ रोजी म्यूनिक येथे मार्सेयने मिलानला १–० असे हरवून चँपियन्स लीग जिंकली. त्याआधी सहा दिवस फ्रेंच लीगमधील व्हालेंसिएनविरुद्धच्या सामन्यात लाच दिल्याचे उघडकीस आले. फ्रेंच संघटनेने त्या वर्षीचे राष्ट्रीय विजेतेपद काढून घेतले व ते दुसऱ्या कोणासही दिले नाही; ती जागा आजही रिकामी आहे. यूएफाने मार्सेयला पुढील वर्षीच्या स्पर्धेतून वगळले, पण यूरोपीय विजेतेपद कायम ठेवले. त्यामुळे यूरोपचा विजेता असलेला हा क्लब त्या वर्षी स्वदेशाचा विजेता मात्र नाही. इटलीत २००६ च्या प्रकरणानंतर युव्हेंटसचे २००४–०५ चे विजेतेपद कोणालाच दिले गेले नाही, तर २००५–०६ चे मैदानावर तिसऱ्या आलेल्या इंटरला मिळाले. युव्हेंटस ही दोन्ही विजेतेपदे स्वतःच्या हिशेबात धरतो. इटालियन संघटना धरत नाही.

जर्मनीत १९२२ मध्ये हांबुर्ग व न्यूरेंबर्ग यांच्यातील अंतिम सामना अंधारामुळे थांबला. फेरसामन्यात न्यूरेंबर्गचे सातच खेळाडू उरल्याने तोही सोडून द्यावा लागला. हांबुर्गला विजेता ठरविण्यात आले, पण त्याने विजेतेपद नाकारले.

यूगोस्लाव्हियातील गुंतागुंत याहून अधिक आहे. १९८५–८६ च्या लीगची अखेरची फेरी संशयास्पद ठरवून पुन्हा खेळविण्याचा आदेश निघाला. बेलग्रेडच्या पार्तिझानने खेळण्यास नकार दिला व विजेतेपद रेड स्टारकडे गेले. पुढील वर्षी अनेक क्लबांचे गुण कापल्याने स्कॉप्येचा व्हार्दार पहिला आला. न्यायालयीन लढाईनंतर दोन्ही विजेतेपदे पार्तिझानला मिळाली. तोवर रेड स्टार व व्हार्दार विजेते म्हणून यूरोपीय चषकात खेळूनही आले होते. यूरोपीय नोंदीतील त्यांचे हे सामने जसेच्या तसे राहिले.

एका वर्षी अनेक विजेते असण्याचाही प्रघात होता. १९९५ मध्ये यूएफाने हाती घेतलेल्या इंटरटोटो चषकात एकाच वर्षी दोन-तीन क्लब विजयी होत. २००६ ते २००८ या काळात अकरा क्लब यूएफा चषकात जात व त्यांपैकी तेथे सर्वांत पुढे पोहोचणारा एकूण विजेता समजला जाई. २००६ मध्ये हा मान न्यूकॅसल युनायटेडला मिळाला. गंमत अशी, की २०२५ मध्ये इंग्लिश लीग कप जिंकेपर्यंत या क्लबाचे अखेरचे मोठे विजेतेपद म्हणून सर्वत्र उल्लेख होई तो १९६९ च्या फेअर्स कपाचा. यूएफा जे मोजत नाही ते लोक मोजत होते आणि यूएफाच्या स्वतःच्या स्पर्धेतील यश कोणी ध्यानातही घेत नव्हते.

पूर्वलक्षी मान्यतेचे अलीकडील मोठे उदाहरण भारतात घडले. यूरोप व दक्षिण अमेरिका या खंडांतील विजेत्या क्लबांत १९६० ते २००४ या काळात झालेल्या आंतरखंडीय चषकाच्या सर्व विजेत्यांना जागतिक क्लबविजेते मानण्याचा निर्णय फिफाच्या परिषदेने २७ ऑक्टोबर २०१७ रोजी कोलकाता येथील बैठकीत घेतला. सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकानिमित्त ही बैठक तेथे भरली होती. त्यामुळे रेआल माद्रिदचा १९६० मधील विजय सत्तावन्न वर्षांनी जागतिक ठरला.

स्पर्धा मान्य असूनही विजेता क्लब नेमका कोणता, असा प्रश्न रूमानियात उपस्थित झाला आहे. सेव्हिया येथे बार्सेलोनाला हरवून १९८६ चा यूरोपीय चषक बूकारेस्टच्या स्टेआउआने जिंकला. हा मूळचा लष्कराचा क्लब. पुढे त्याचा फुटबॉल विभाग खाजगी मालकीकडे गेला व नावाच्या हक्कावरून लष्कराने दावे केले. खाजगी क्लब २०१७ पासून एफसीएसबी या नावाने खेळतो, तर लष्कराने त्याच वर्षी आपला संघ पुन्हा उभा केला. दोन्ही क्लब १९८६ चा विजय आपला म्हणून सांगतात.