केळूसकर गुरुजी व बागेतील विद्यार्थी

ज्ञातीतील होतकरू मुलांस शिष्यवृत्त्या देण्याचा समारंभ आपल्या वार्षिक सभांतून मोठ्या हौसेने होत असतो. तो व्हावाच. परंतु मुलास पैसा देणे निराळे आणि आपला वेळ देणे निराळे. व दुसरी गोष्ट अधिक कठीण, असे आयुष्य शिक्षकीत घालविल्यावर आमचे मत झाले आहे. अशा वेळ देणाऱ्या एका गृहस्थाची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

कृष्णाजी अर्जुन केळूसकर (१८६०–१९३४) हे मूळचे वेंगुर्ल्याकडील केळूस गावचे. मुंबईस विल्सन हायस्कुलात शिकवावे व उरल्या वेळात ग्रंथ लिहावेत, असा त्यांचा क्रम. छत्रपती शिवाजी महाराजांचे व गौतम बुद्धाचे चरित्र त्यांनी लिहिले. चर्नी रोडच्या बागेत ते वाचीत बसत. तेथेच शाळा सुटल्यावर एक मुलगा पुस्तक घेऊन येई. परळच्या चाळीत एका खोलीत सारा संसार असल्यामुळे त्यास घरी अभ्यासाला निवांतपणा असा नव्हताच. गुरुजींनी त्याची विचारपूस केली, तेव्हा मुलाने आपली जातही सांगितली. हा सुभेदार रामजी सकपाळ यांचा मुलगा भीमराव, एल्फिन्स्टन हायस्कूलचा विद्यार्थी. त्या दिवसापासून गुरुजी त्यास वाचावयास पुस्तके देऊ लागले.

पुढे मुलाच्या सत्काराची सभा झाली व गुरुजींनी त्यास आपले बुद्धचरित्र भेट दिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. चरित्रकार धनंजय कीर ती १९०७ च्या मॅट्रिकनंतरची मानतात व अध्यक्ष सीताराम केशव बोले होते असे सांगतात. स्वतः बाबासाहेब मात्र ती इंग्रजी चौथीनंतरची व अध्यक्ष केळूसकरच होते असे लिहितात. आम्हांस ह्या वादापेक्षा सुभेदारांचे वर्तन अधिक मननीय वाटते. नुसती परीक्षा पास झाल्याबद्दल सभा भरविल्यास पोराच्या डोक्यात हवा जाईल, म्हणून त्यांनी साफ नकार दिला होता. केळूसकरांनी मध्यस्थी करून त्यांचे मन वळविले. मुलास हाती धरावयाचे, तर आधी त्याच्या बापाचा विश्वास मिळवावा लागतो!

इंटरनंतर शिक्षण थांबण्याची वेळ आली. गुरुजी भीमरावास घेऊन श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या आधारे भीमराव १९१२ साली बी.ए. झाले, १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले.

येथवरची कथा भाषणांतून नेहमी सांगितली जाते. पुढील भाग सहसा कोणी सांगत नाही. १९१७ साली कराराप्रमाणे आंबेडकर बडोद्यास नोकरीस गेले, तो त्या शहरात त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी विश्रांतिगृहातून त्यांस बाहेर काढण्यात आले व ते मुंबईस परतले. तेव्हा केळूसकर साठीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी महाराजांकडे खटपट केली. महाराजांनी ते काम दिवाणांकडे सोपविले आणि दिवाणांनी असमर्थता कळविली. मग बडोद्याच्या एका प्राध्यापक मित्राच्या घरी सोय होईल अशी तजवीज गुरुजींनी केली. आंबेडकर पुन्हा बडोद्यास उतरले, तो स्टेशनावरच त्या प्राध्यापकाची चिठ्ठी हाती पडली: पत्नीचा विरोध आहे, निरुपाय आहे. आंबेडकर तसेच परतले. एका शिक्षकाचा शब्द कोठवर पोचतो, ह्याची ही हद्द होती. तथापि दहा-बारा वर्षांपूर्वी बागेत भेटलेल्या मुलासाठी ते अजून पत्रे लिहीत होते, हे आम्हांस पुस्तकाच्या भेटीहून मोठे वाटते.

आणखी एक गोष्ट ह्या स्मरणिकेत लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. केळूसकर मराठा होते, मुलगा महार. ज्ञातीच्या निधीस घटनेची बंधने असतात व ती पाळलीच पाहिजेत. पण सभासदाच्या सायंकाळच्या एका तासास तसली बंधने कोणी घातलेली नाहीत. आपल्यापैकी कित्येक शिक्षक, कारकून व अधिकारी निवृत्त होऊन घरी बसले आहेत. त्यांनी एकेका मुलाची, मग ते आपल्या ज्ञातीचे असो वा शेजारच्या वस्तीतील, अभ्यासापुरती जबाबदारी पत्करण्यास कोणाची हरकत आहे?

केळूसकर १९३४ साली वारले. १९५६ साली बाबासाहेबांनी बुद्धावरील आपल्या अखेरच्या इंग्रजी ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिली. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नाही. तीत त्या सभेची व त्या पुस्तकाची आठवण असून, गुरुजींचा उल्लेख त्यांनी ‘दादा केळूसकर’ असा केला आहे.