मोंटगोमेरीच्या मोटारी

आमच्या इमारतीतून रोज सकाळी सहा-सात मोटारी एकाच दिशेला निघतात आणि प्रत्येकीत एकच माणूस असतो. पेट्रोल महागले तेव्हा मी एकत्र जाण्याचा विषय काढला. हिशेब सर्वांना पटला, सगळ्यांनी माना डोलावल्या. सोमवारी मात्र जो तो आपापल्या गाडीत! माणूस आपल्या गाडीचे दार दुसऱ्यासाठी कधी उघडतो, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. त्याचे उत्तर मला अमेरिकेच्या इतिहासात सापडले.

दुसऱ्या महायुद्धात तिथे पेट्रोलचे रेशनिंग होते. १९४३च्या एका सरकारी पोस्टरवर एकट्याने मोटार चालवणाऱ्याच्या शेजारी चक्क हिटलर बसलेला दाखवला होता. ऑगस्ट १९४५मध्ये रेशनिंग उठले आणि लोक पुन्हा एकेकटे फिरू लागले. १९७३च्या तेलसंकटानंतर सरकारने पुन्हा प्रचार केला. १९८०मध्ये कामावर जाणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के लोक सामायिक मोटारीने जात. २०१०पर्यंत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आले. भीती आणि बचत या दोन्ही प्रेरणा खऱ्या, पण संकट ओसरले की त्याही ओसरतात.

अलाबामा राज्यातल्या मोंटगोमेरी शहराची गोष्ट वेगळी आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली आणि ५ डिसेंबरपासून कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. हजारो मोलकरणी, मजूर कामावर जाणार कसे? सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीचालकांनी बसइतकेच, म्हणजे दहा सेंट भाडे घेतले. प्रशासनाने किमान ४५ सेंट भाड्याचा नियम पुढे करून ती वाट बंद केली.

बॅटन रूज शहरात १९५३ साली असाच बहिष्कार झाला होता. तिथले रेव्हरंड जेमिसन यांच्याकडून मार्टिन ल्यूथर किंग यांनी पद्धत समजून घेतली. सुमारे ३०० मोटारी जमल्या. चर्चसमोर थांबे ठरले, वेळा ठरल्या. त्या काळी मोटार ही कृष्णवर्णीय शिक्षकाची, डॉक्टरची, पाद्र्याची कष्टाने कमावलेली प्रतिष्ठा होती. तिच्यात आता धुणीभांडी करणारी बाई शेजारी बसू लागली. बसमध्ये अपमान दोघांचाही सारखाच होत होता, हे त्यामागचे कारण. शिवाय मोटार कोणाची, थांबा कुठे, जबाबदारी कोणाची, हे चर्चमुळे ठाऊक असल्याने अनोळखीपणाची भीती उरली नाही.

यात फायदा तर नव्हताच, उलट किंमत मोजावी लागली. पोलीस क्षुल्लक कारणांवरून दंड करत. २६ जानेवारी १९५६ रोजी किंग लोकांना मोटारीतून सोडायला निघाले असता, ताशी २५ मैलांच्या हद्दीत ३० मैल वेगाने गेल्याबद्दल त्यांना कोठडीत टाकले. विमा कंपन्यांनी मोटारींचा विमा काढून घेतला. अखेर तो लंडनच्या लॉइड्सकडून मिळवावा लागला. १३ नोव्हेंबरला स्थानिक न्यायालयाने ही व्यवस्थाच बंद पाडली. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवला. आदेश शहरात पोहोचेपर्यंत आणखी पाच आठवडे गेले. तेवढे दिवस लोक चालत राहिले, पण बसमध्ये चढले नाहीत. एकूण ३८१ दिवस!

हे वाचताना माझी चूक लक्षात आली. इमारतीतले हेच लोक मय्यतीच्या वेळी कब्रस्तानापर्यंत कोण कोणाच्या गाडीत बसले, हे विचारतसुद्धा नाहीत. पेट्रोल कोणी भरले, हे तर दूरच. मी मात्र त्यांच्यापुढे फक्त खर्चाचा कागद ठेवला होता.

तळमजल्यावरच्या चाचांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावे लागते. ते रिक्षाने जातात, तेही एकटे. पुढच्या बैठकीत मी पेट्रोलऐवजी त्यांचा विषय काढणार आहे.