हसण्यापासून दगडापर्यंत

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा नावाचे जे गाव लागते, तेथला मी राहणारा. आमच्या आगरी बोलीत 'पाणी'चे 'पानी' होते आणि 'गाडी'ची 'गारी'. लहानपणी शहरातील शाळेत गेलो, तेव्हा माझ्या तोंडची 'गारी' ऐकून सारा वर्ग हसला होता. पुढे न्हाव्याच्या दुकानात 'मार्मिक'चे जुने अंक चाळताना लुंगीवाल्या 'यंडुगुंडू'ला मीही पोटभर हसलो. या दोन हसण्यांचे काही नाते असेल, हे मात्र मला पुष्कळ वर्षे सुचले नाही.

'मार्मिक' हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक बाळ ठाकरे व श्रीकांत ठाकरे या बंधूंनी ऑगस्ट १९६० मध्ये सुरू केले. महाराष्ट्र राज्याला तेव्हा पुरते चार महिनेही झाले नव्हते. राज्य मिळाले, राजधानी मिळाली. परंतु १९६१ च्या जनगणनेत त्या राजधानीत मराठी बोलणारे शंभरांत त्रेचाळीसही भरले नाहीत. सुशिक्षित मराठी तरुण नोकरीसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत होता. त्याचे दुःख खोटे नव्हते, हे प्रथमच सांगितले पाहिजे. 'मार्मिक'ने 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या. यादी चुकीची असेल तर खोडता येते. नक्कल कशी खोडावयाची? लुंगी, कपाळावरचे भस्म आणि 'यंडुगुंडू' ही भाषा, एवढ्या सामग्रीवर एक माणूस तयार झाला आणि त्याचे नाव पडले 'मद्रासी'.

हा मद्रासी वस्तुतः कोण होता? तमिळ, तेलुगू, मल्याळी आणि कानडी, अशा चार भाषांची माणसे त्यात कोंबलेली होती. उडुपी उपाहारगृहांचे चालक तर बहुधा दक्षिण कानडा जिल्ह्याचे, घरी तुळू, कानडी किंवा कोंकणी बोलणारे. त्यांचा जिल्हा १९५६ पर्यंत मद्रास राज्यात होता खरा. पण शेजारचा उत्तर कानडा त्याच सालापर्यंत मुंबई राज्यात होता! माटुंग्यात ही मंडळी तेव्हाच जुनी झाली होती. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी ही त्यांची शिक्षणसंस्था १९३२ ची, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीहूनही वडील. ज्याची मुले येथेच जन्मली व येथेच शिकली, त्याला 'परत जा' म्हटल्यावर त्याने कोठे जावयाचे?

१९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली आणि ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर तिचा पहिला मेळावा भरला. मेळाव्यानंतर काही दाक्षिणात्य उपाहारगृहांवर दगड पडले. 'बजाव पुंगी, हटाव लुंगी' ही घोषणा त्याच काळातली. तिला यमक आहे, ती लहान मुलालाही पाठ होते.

मग फेब्रुवारी १९६९ उजाडला. महाजन आयोगाने बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवण्याची शिफारस १९६७ मध्ये केली होती आणि त्यावरून मराठी मने धुमसत होती. उपपंतप्रधान मोरारजी देसाई मुंबईस आले असता माहीम येथे निदर्शकांनी त्यांची वाट अडविली. मोटार थांबली नाही, माणसे जखमी झाली. त्यानंतर काही दिवस मुंबई जळत होती. पन्नासाहून अधिक माणसे प्राणास मुकली. ठाकरे यांना अटक झाली आणि शेवटी शांततेचे आवाहन त्यांनी तुरुंगातूनच केले.

वाद म्हैसूर सरकारशी होता. बेळगावशी केरळच्या किंवा तमिळ देशाच्या माणसाचा काय संबंध? उडुपीच्या माणसाचा तरी काय? पण दगड घेऊन धावणारा जमाव भूगोल विचारीत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे एकच आकृती होती आणि ती आठ वर्षे हसत हसत गिरविलेली होती. केवळ विनोदाने दंगल घडविली असे मी म्हणत नाही. बेकारी होती, सीमाप्रश्न होता, पुढारी होते. परंतु कोणाचे दुकान फोडावयाचे, हे त्या आकृतीने दाखविले.

सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावरास गेलेली मराठी घराणी तेथे अजून आपली मराठी बोलतात. आपल्या कानाला ती चमत्कारिक वाटते. त्यांतला कोणी त्या आठवड्यात दादरला उतरला असता, तर त्याच्या मराठीवरून त्याला कोणी मराठी ओळखले असते काय?

२०२५ च्या जूनअखेरीस आमच्या शेजारी मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदारास मारहाण झाली. व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली आणि ८ जुलैस मराठी माणसांचा मोर्चा निघाला. त्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. परप्रांतीय दुकानदाराच्या मराठीची नक्कल त्याने मोठ्या हुशारीने करून दाखविली. मला हसू आले, हे कबूल करतो. मग मी त्याला वर्गातल्या 'गारी'ची हकीकत सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. कचेरीत तो 'गाडी' म्हणतो. घरी आईशी बोलताना 'गारी'.