गंधसार आणि गव्हला-कचोरा

सुगंधी द्रव्यं कशी तयार करावीत, हे मराठीतून समजावून सांगणारा एक मजकूर किमान साडेचारशे वर्षांचा जुना आहे, असं म्हटलं तर पुष्कळांना ते खरं वाटत नाही. अत्तर म्हटलं की आपल्याला कनौज आठवतं, लखनौ आठवतं, फार तर हैदराबादला चारमिनारजवळची काचेच्या कुप्यांची दुकानं आठवतात. मराठी माणसाचा अत्तराशी संबंध म्हणजे लग्नात मनगट पुढे करायचं आणि गुलाबपाण्याचा शिडकावा चष्म्यावर येऊ नये म्हणून मान वळवायची, एवढाच. ही कला आपल्याकडे कुणी शिकत असेल, शिकवत असेल, त्यावर पोट भरत असेल, असं मनातही येत नाही.

पण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत परशुराम कृष्ण गोडे (१८९१-१९६१) नावाचे एक अजब संशोधक होते. संस्थेच्या पोथ्या सांभाळणं हे त्यांचं काम. राजे आणि लढाया यांच्यापेक्षा विड्याचं पान, छत्री, जिलबी, मेंदी असल्या गोष्टींचा इतिहास शोधण्यात त्यांना जास्त रस. त्यांना रड्डी संग्रहातल्या एका पोथीत दोन ग्रंथ सापडले. एक गंगाधर नावाच्या लेखकाचा ‘गंधसार’, आणि दुसरा ‘गंधवाद’. या दुसऱ्याच्या कर्त्याचं नाव माहीत नाही; पण त्यावर चक्क मराठी टीका आहे, म्हणजे संस्कृत मजकुराचा अर्थ मराठीतून उलगडून सांगितलेला आहे. गोडे यांनी हा गंधवाद साधारण १३५० ते १५५० या काळातला ठरवला आणि १९४५ च्या सुमारास त्यावर लेख लिहिले. पुढे १९८९ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनी दोन्ही ग्रंथ संपादून छापले.

पंडिताला मराठी टीका लागत नाही. मग ती कुणासाठी लिहिली? माझ्या समजुतीप्रमाणे हात खलबत्त्यात असलेल्या माणसासाठी. नव्यानं धंद्याला लागलेल्या पोरासाठी.

मी स्वतः या वाटेला गणिताच्या बाजूनं आलो. मी वाटूरचा. जालन्याहून मंठ्याकडे जाताना आमचा वाटूर फाटा लागतो, तिथून एक रस्ता परतूरला फुटतो. जिल्हा परिषदेच्या शाळांतून तीस वर्षं गणित शिकवलं. मुलं कंटाळली की फळ्यावर जादूचा चौरस काढायचा, हा ठरलेला उपाय. निवृत्तीनंतर त्या चौरसांचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा कळलं की आपल्या देशातल्या अगदी जुन्या चौरसांपैकी एक गणिताच्या नव्हे, सुगंधाच्या प्रकरणात आला आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘गंधयुक्ती’ नावाचा अध्याय आहे, त्यात.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर मांडून पाहा. पहिल्या ओळीत २, ३, ५, ८. दुसरीत ५, ८, २, ३. तिसरीत ४, १, ७, ६. चौथीत ७, ६, ४, १. आडवी बेरीज करा, उभी करा, तिरपी करा, १८ च येते. चारी कोपऱ्यांची केली तरी १८. आता प्रत्येक घरात एक सुगंधी द्रव्य आहे आणि आकडा हे त्याचे भाग आहेत. शिकाऊ माणसानं कोणतीही एक रेघ धरायची, त्या रेघेवरची चार द्रव्यं तेवढ्या भागांनी घ्यायची, की एक मिश्रण तयार. तिरपी रेघ धरली तर अगर २ भाग, मोथा ८, तगर ७ आणि कुंदरू १. वही नको, पाठांतर नको. चौरस लक्षात ठेवला की झालं. शिकवण्याची इतकी सोपी तऱ्हा मला तीस वर्षांत सुचली नव्हती.

वराहमिहिर आणखी पुढे जातो. सोळांतून चार निवडण्याचे प्रकार १८२० होतात, हे त्याचं गणित बिनचूक आहे. मग तो त्याला ९६ नं गुणायला सांगतो, म्हणजे सुगंधांची संख्या होते १,७४,७२०. चार द्रव्यांना एक, दोन, तीन, चार असे भाग वाटून देण्याच्या तऱ्हा २४ च होतात, तेव्हा माझ्या हिशेबानं हा आकडा ४३,६८० यायला हवा. पण गंधांचा समुद्र असं नाव दिल्यावर चौपट पाण्याबद्दल फार हटकू नये.

मला जास्त गंमत वाटली ती भागांची. अगर सगळ्यांत महाग, ते फक्त २ भाग. दालचिनी १. चंदन ७ आहे खरं, पण सर्वांत मोठे म्हणजे आठ-आठ भाग कुणाचे, तर शैलेय आणि मुस्ता यांचे. शैलेय म्हणजे आपलं दगडफूल. आणि मुस्ता म्हणजे मोथा. आमच्या काळ्या रानात लव्हाळा म्हणून ज्याला शेतकरी शिव्या घालतो, खुरपून खुरपून ज्याची गाठ जमिनीत राहतेच, त्याची तीच सुगंधी गाठ. नागरमोथा म्हणून दुकानात मिळतो तोही याच गोतातला.

यादी घेऊन मी जालन्यातल्या काष्ठौषधीच्या दुकानात गेलो. नावं सांगत गेलो तसतसा दुकानदार डबे काढत गेला. मांसी म्हणजे जटामांसी, तुरुष्क म्हणजे शिलारस, रस म्हणजे बोळ, श्रीक म्हणजे चीडाचा डिंक. तगर मिळाला, पण तो अंगणातल्या पांढऱ्या फुलांचा नव्हे. हिमालयाकडून येणारं उग्र वासाचं मूळ. नख म्हणजे नखला, समुद्रातल्या गोगलगाईच्या शिंपल्याचं झाकण. नुसतं जाळलं तर घर सोडून जावं लागेल, पण शुद्ध करून धुपात घातलं की बाकीचे वास धरून ठेवतं. स्पृक्का मात्र मिळाली नाही. ती नेमकी कोणती वनस्पती, यावर वैद्यांचंही एकमत नाही. आणि प्रियंगू म्हटल्यावर दुकानदार हसून म्हणाला, “सर, गव्हला म्हणा की!”

गव्हला-कचोरा! दिवाळीच्या उटण्याची पुडी. कचोरा त्या चौरसात नाही, पण गव्हला आहे, नागरमोथा आहे, वाळा आहे, चंदन आहे, जटामांसी आहे. उरलेल्यांपैकी दगडफूल, दालचिनी आणि तमालपत्र आपल्या काळ्या मसाल्यात आहेत. म्हणजे राजाच्या गंधशाळेतली निम्मी फळी मराठी घरात दोन डब्यांत वाटली गेली आहे, एक न्हाणीघराकडे गेला आणि एक चुलीकडे. द्रव्यं राहिली, ती हाताळण्याचं शास्त्र तेवढं निसटलं.

त्या शास्त्रासाठी परत गंधसाराकडे यावं लागतं. गंगाधरानं ग्रंथाचे तीन भाग केले आहेत. पहिल्यात क्रिया, दुसऱ्यात सुगंधी पाणी, मुखवास, तेल, धूप, स्नानाची चूर्णं यांच्या कृती, आणि तिसऱ्यात द्रव्यांचा कोश. तोही शिकणाऱ्याच्या सोयीचा: पानं वेगळी, फुलं वेगळी, फळं, साली, लाकडं, मुळं, डिंक आणि शेवटी कस्तुरीसारखी प्राण्यांपासून मिळणारी द्रव्यं. क्रिया सहा आहेत. भावना, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. भावना आयुर्वेदामुळे आपल्या ओळखीची: पूड रसात किंवा काढ्यात भिजवायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची. पाचन म्हणजे आचेवर पिकवणं. धूपन म्हणजे धुरी देणं आणि वासन म्हणजे फुलांच्या सहवासात ठेवून वास मुरवणं. राहिले बोध आणि वेध. हे दोन शब्द मला फार आवडतात. बोध म्हणजे झोपलेल्या वासाला जागं करणं. कापूर किंवा कस्तुरी किंचितशी घालून ते साधतात. वेध म्हणजे एका वासानं दुसऱ्याला भेदून आत शिरणं. हे किती आणि केव्हा, ते मात्र पुस्तक सांगू शकत नाही. तिथे गुरूच्या शेजारी बसून हुंगावंच लागतं, आणि शिकवणाऱ्यांची साखळी तुटली की पुस्तक असूनही विद्या अडते ती इथेच.

आमच्या गावातल्या बचत गटाच्या बाया दिवाळीला उटणं करून विकतात. मी असलं काही वाचतो हे कळल्यावर त्यांतल्या एकीनं विचारलं, “सर, आमच्या उटण्याचा वास आठ दिवसांत उडून जातो. तुमच्या पुस्तकात काही आहे का?” प्रश्न अगदी मुळावरचा होता. त्या सगळं एकदम कुटून, चाळून पुड्या भरत. आम्ही मोथा आणि कचोऱ्याच्या पुडीला वाळ्याच्या काढ्याच्या तीन भावना दिल्या, दर वेळी सावलीत वाळवलं, आणि शेवटी थोडा ऊद मिसळला. डिंक-राळेच्या जातीची द्रव्यं सावकाश उडतात आणि हलक्या वासांना आपल्याबरोबर रोखून धरतात. वसुबारसेला भरलेली पुडी कार्तिकी पौर्णिमेनंतर उघडली, तरी वास होता. “ह्याला दोन रुपये जास्त लावायचे,” हा त्यावरचा त्या बाईंचा अभिप्राय.

हसण्यावारी नेऊ नका. गंगाधरानं या शास्त्राची जी फळं सांगितली आहेत, त्यांत देवपूजा आहे, राजांची मर्जी आहे, चतुर स्त्रियांचा आनंद आहे, आणि स्वतःचं दारिद्र्य दूर होणं हेही आहे. शृंगाराचं म्हणून आपण जे पुस्तक बाजूला ठेवलं, ते निदान काही अंशी पोटापाण्याचं पुस्तक होतं.

या धंद्यात पैसा होता, याचा पुरावा लोणावळ्याजवळ दगडावर कोरलेला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचं एक दार धेनुकाकट गावच्या सिंहदत्तानं दान केलं, आणि शिलालेखात त्याचा धंदा दिला आहे ‘गंधिक’, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. हे दान सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचं. गांधी हे आडनाव याच धंद्यातून आलं. त्याच सुमाराच्या ग्रीक दर्यावर्दी लेखनात आपल्या पैठणचं आणि तेरचं नाव आहे, आणि ज्या भडोच बंदराकडे तिथला माल जाई, तिथून जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ ही द्रव्यं परदेशी रवाना होत.

नवशिक्यानं हात कशानं घालावा, असं मला विचाराल तर मी तिळानं म्हणेन. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या राज्यात आपला मराठवाडा होता, त्यानं ११२९ च्या सुमारास मानसोल्लास हा ग्रंथ केला. त्यात राजाच्या स्नानासाठी तेल कसं करावं ते आहे. तेलात फुलं टाकायची नाहीत. तिळांनाच फुलांचा वास द्यायचा आणि मग ते गाळायचे. सडलेले, कोरडे तीळ पसरायचे, त्यावर ताज्या फुलांचा थर, पुन्हा तीळ, पुन्हा फुलं. कोमेजली की काढून नवी घालायची. तिळातला स्निग्धपणा वास पिऊन घेतो. भट्टी नाही, नळी नाही, फुलं उकळून करपत नाहीत. फ्रान्समधल्या ग्रास गावी चरबीच्या थरावर मोगऱ्याच्या जातीची फुलं पसरून अत्तर काढत, त्याचं तत्त्व हेच.

पुढे भट्टीचा जमाना आला. देगेतून वाफ काढून चंदनाच्या तेलात उतरवायची पद्धत रूढ झाली, आणि सुगंधाची भाषा बदलली. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी निजामुद्दीन महमूद यानं ‘इत्र-इ-नौरसशाही’ हा सुगंधावरचा ग्रंथ लिहिला, तो फारसीत. अत्तर हा शब्दही त्याच वाटेनं आला. पेशवाईत अत्तर-गुलाब दिला की बैठक संपली, असा रिवाजच पडला. हे काही आक्रमण वगैरे नव्हे. दख्खननं दोन्ही विद्या सुखानं वापरल्या. पण जुनी शिकवणी मागे पडली ती पडलीच.

भट्टी आपल्याकडे खेड्यापर्यंत पोचली होती, हेही सांगितलं पाहिजे. खानदेशात नंदुरबारच्या बाजूला रोशा गवताचं तेल काढत. एकोणिसाव्या शतकात ते मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेनं तुर्कस्तानात जाई आणि तिथल्या गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळलं जाई. युरोपच्या बाजारात त्याला तुर्की नाव पडलं. खानदेशचं नाव कुपीवर कधी आलं नाही.

आज शिकायचं तर कनौजला १९९१ पासून सरकारी केंद्र आहे, आणि मुंबईत १९२२ मध्ये सुरू झालेली केळकरांची सुगंध कंपनीही आहे. आमच्या बायांना एवढ्यात तिकडे जाणं जमणारं नाही. त्यांनी या पावसाळ्यात बांधाकडेला दोन तास तीळ पेरले आहेत. अडचण एकच आहे. तीळ निघतो दसऱ्याच्या सुमाराला आणि मोगरा फुलतो चैत्रात. तोवर ते तीळ सडून, किडीपासून जपून, डब्यात ठेवायचे आहेत.